फुफ्फुसातील नोड्यूल शोधणारे मॉडेल लुना-१६ वर उत्तम चालते, पण नागपूरच्या स्कॅनवर अडखळते

प्रश्न : अंतिमवर्ष_नागपूर

नमस्कार. आम्ही नागपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील अंतिम वर्षाचे चार विद्यार्थी आहोत. छातीच्या सीटी स्कॅनमधील नोड्यूल, म्हणजे फुफ्फुसातील तीन सेंटिमीटरपर्यंतच्या लहान गाठी, न्यूरल नेटवर्कच्या साहाय्याने शोधणे हा आमचा प्रकल्प आहे. शहरातील एका शिक्षण रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात आम्हाला काही दिवस बसू दिले होते. गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाडा अशा दूरदूरच्या ठिकाणांहून येणारे रुग्ण आणि त्या सर्वांचे स्कॅन वाचणारे मोजके डॉक्टर आम्ही तेथे पाहिले. थकलेल्या डोळ्यांतून एखादी बारीक गाठ निसटू नये म्हणून डॉक्टरांच्या सोबतीला दुसरी नजर देता येईल का, या विचारातून हा विषय ठरला.

प्रशिक्षणासाठी आम्ही लुना-१६ हा छातीच्या सीटी स्कॅनचा खुला संच वापरला. त्यातील ८८८ स्कॅनमधल्या संशयित जागांची जी तयार यादी मिळते, तिच्यातील प्रत्येक जागेभोवतीचा लहान घन कापून घेतला आणि ती जागा नोड्यूल आहे की नाही, हे त्रिमितीय कॉन्व्होल्यूशनल नेटवर्कला शिकवले. चाचणीत ९९.७ टक्के अचूकता आली आणि आमच्या मार्गदर्शकांनीही समाधान व्यक्त केले. त्यानंतर रुग्णालयाच्या नीतिसमितीची परवानगी घेऊन, रुग्णांची ओळख काढून टाकलेले ६० स्कॅन आम्हाला मिळाले. त्यांपैकी पहिल्या दहांवर मॉडेल चालवले तेव्हा एकेका स्कॅनवर इतक्या खुणा उमटल्या की त्यांतून खरी गाठ वेगळी काढणे अशक्य झाले. डॉक्टरांनी स्वतः दाखवलेली, छातीच्या भिंतीला टेकलेली एक गाठ मात्र मॉडेलने सपशेल सोडून दिली.

नेटवर्कचे थर वाढवावेत, की हे ६० स्कॅन प्रशिक्षणात मिसळून मॉडेल पुन्हा शिकवावे, याविषयी आमच्या गटात एकमत नाही. या क्षेत्रात काम केलेल्यांनी कृपया मार्ग दाखवावा.


उत्तर १ : प्रतिमा_अभियंता

थर वाढवण्याचा विचार सध्या बाजूला ठेवावा, कारण तुमची पहिली अडचण मोजमापाची आहे. लुना-१६ च्या मूळ यादीत ५,५१,०६५ संशयित जागा आहेत आणि त्यांपैकी अवघ्या १,३५१ जागांवर नोड्यूलचा शिक्का आहे, म्हणजे चारशेहून अधिक जागांमागे एक. आता स्कॅनकडे न पाहताच प्रत्येक जागेला ‘नोड्यूल नाही’ असे उत्तर देणारा दोन ओळींचा प्रोग्राम लिहिला, तर त्याचीही अचूकता ९९.७५ टक्के भरते. तुमचे ९९.७ त्याहून किंचित कमीच आहेत. तुमचे मॉडेल काहीच शिकले नाही असे मी म्हणत नाही. ते किती शिकले, हे या आकड्यावरून कळू शकत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

लुना-१६ हा संच ज्या स्पर्धेसाठी बनवला, तिच्यात याच कारणासाठी वेगळी मोजणी ठरवलेली होती. एका स्कॅनमागे सरासरी १/८, १/४, १/२, १, २, ४ आणि ८ खोट्या खुणा चालवून घेतल्या, तर त्या त्या पातळीवर खऱ्या नोड्यूलपैकी किती हिस्सा सापडतो, हे पाहायचे आणि त्या सात आकड्यांची सरासरी काढायची. हा आलेख एफआरओसी या नावाने ओळखला जातो. तुमच्या प्रबंधात पहिला आलेख हाच असला पाहिजे. दवाखान्याच्या दृष्टीने त्याचा अर्थही सरळ आहे : खुणांची सवलत जितकी कमी, तितका डॉक्टरांचा वेळ वाचतो, परंतु गाठी सुटण्याची शक्यताही तितकीच वाढते.

दुसरी अडचण तुम्ही लिहिलेली नाही, पण ती असावी असा माझा अंदाज आहे. लुना-१६ मध्ये संशयित जागांची यादी तयार मिळाली; रुग्णालयाच्या स्कॅनसाठी ती यादी कोठून आणली? बहुधा तुम्ही संपूर्ण छातीवरून तो घन सरकवत नेला असेल. तसे असेल, तर मॉडेलपुढे हृदयाची कड, श्वासपटल, बरगडीचा सांधा, अन्ननलिका अशा असंख्य गोष्टी आल्या, ज्या त्याने प्रशिक्षणात जवळपास पाहिलेल्याच नव्हत्या. लुना-१६ ची ती यादी काही जुन्या शोधपद्धतींच्या निकालांवरून बनवलेली आहे. त्यामुळे तिच्यातील ‘नाही’ म्हणून शिकवलेल्या जागाही मुख्यतः नोड्यूलसारख्या भासणाऱ्याच आहेत. ज्या विद्यार्थ्याने केवळ अवघड प्रश्नांचा सराव केला, तो साध्या पण अनोळखी प्रश्नावर बिनधास्त चुकीचे उत्तर लिहून येतो, तसे हे झाले आहे.

भिंतीला टेकलेल्या गाठीचे उत्तर बहुतेक फुफ्फुसाच्या मास्कमध्ये, म्हणजे स्कॅनमधील फुफ्फुसाचा भाग वेगळा काढणाऱ्या साच्यात सापडेल. हाउन्सफील्ड मापनात, म्हणजे सीटीतील घनतेच्या मोजपट्टीवर, पाणी शून्यावर आणि हवा उणे १००० वर असते. फुफ्फुसात हवा भरलेली असल्यामुळे एका ठरावीक मूल्याखालचा भाग म्हणजे फुफ्फुस असे धरून आपण मास्क बनवतो. परंतु छातीच्या भिंतीला टेकलेली भरीव गाठ भिंतीइतकीच उजळ असते. त्यामुळे ती भिंतीतच गणली जाते आणि मास्कच्या बाहेर राहते. मॉडेलला ती कधी दिसलीच नसेल. मास्कच्या कडेवरील खाचा भरून घेणे किंवा मास्क काही मिलिमीटर फुगवणे, हा त्यावर नेहमीचा उपाय आहे. आज रात्रीच तो स्कॅन उघडून मास्क त्यावर ठेवून पाहा.

प्रश्नाचा आकार ध्यानात यावा म्हणून थोडे गणित मांडतो. ५१२ गुणिले ५१२ चित्रबिंदूंच्या ३०० स्लाइस, म्हणजे आडवे काप, धरल्या, तर एका स्कॅनमध्ये सुमारे ७ कोटी ८६ लाख व्हॉक्सेल, म्हणजे त्रिमितीय चित्रबिंदू, होतात. पाच मिलिमीटर व्यासाची गोल गाठ साधारण ६५ घन मिलिमीटरची असते, व्हॉक्सेल ०.७ गुणिले ०.७ गुणिले १ मिलिमीटरचा असेल, तर ती गाठ जेमतेम १३० व्हॉक्सेल व्यापते. इतकी लहान वस्तू शोधताना संपूर्ण छाती शोधणारे आणि संशयित जागा तपासणारे असे दोन टप्पे एकत्र शिकवले तर उपयोग होतो. २०१७ मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगावर झालेल्या डेटा सायन्स बोल या स्पर्धेत चीनच्या त्सिंगह्वा विद्यापीठाचा जो संघ पहिला आला, त्यानेही यू-नेट या नेटवर्कच्या धर्तीचे त्रिमितीय शोधजाळे १२८ व्हॉक्सेलच्या घनांवर चालवले होते आणि ज्या खोट्या जागांवर मॉडेल सर्वाधिक फसते, त्याच त्याला वारंवार दाखवल्या होत्या. आज मोनाई या मुक्त संगणकप्रणालीत लुना-१६ साठी त्रिमितीय रेटिनानेट या शोधजाळ्याचे तयार उदाहरण उपलब्ध आहे. तेथून सुरुवात केली, तर तुमचे दोन महिने वाचतील.

आणखी एक गोष्ट. ज्या एलआयडीसी-आयडीआरआय संचातून लुना-१६ निवडला गेला, त्यात १,०१८ स्कॅन आहेत, पण रुग्ण १,०१० आहेत. प्रशिक्षण आणि चाचणी अशी विभागणी करताना ती नेहमी रुग्णानुसारच करावी. एकाच गाठीभोवतीचे सरकवलेले, फिरवलेले घन दोन्हीकडे विखुरले गेले असतील, तर मिळालेला कोणताही आकडा टिकणार नाही.


उत्तर २ : क्षकिरणतज्ज्ञ_धंतोली

वरील अभियंत्यांनी गणिताची बाजू चांगली उलगडली आहे. मी वीस वर्षांहून अधिक काळ नागपुरात छातीचे स्कॅन वाचत आहे, म्हणून दुसरी बाजू सांगते.

तुमचे मॉडेल जेथे शिकले, ती फुफ्फुसे अमेरिकेतील रुग्णालयांमधली आहेत. आपल्याकडे छातीचा स्कॅन उघडला की फुफ्फुसाच्या वरच्या भागात जुन्या क्षयरोगाच्या खुणा दिसणे हे नित्याचे आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, आणि बरा झालेला क्षयरोग फुफ्फुसातून कधीच पूर्णपणे पुसला जात नाही. कॅल्शियम साचलेले ग्रॅन्युलोमा, म्हणजे जुन्या दाहाच्या बारीक गाठी, मागे राहतात, ओढलेले तंतुमय पट्टे राहतात, श्वासनलिका फुगून वाकड्या होतात. ट्युबरक्युलोमा, म्हणजे क्षयरोगाची गाठ, तर चांगली गोल आणि घट्टच असते. तिच्या आसपास लहान लहान उपगाठी दिसल्या की मनात क्षयरोग येतो, पण केवळ ती एक गाठ कापून तिचा घन पाहणाऱ्या नेटवर्कला आसपासचे काही दिसतच नाही. अमेरिकेत ग्रॅन्युलोमा नसतात असे नाही. ओहायो आणि मिसिसिपी नद्यांच्या खोऱ्यांत हिस्टोप्लाझ्मा या बुरशीमुळे ते पुष्कळ दिसतात. परंतु क्षयरोगाने मोडतोड झालेले, आकसलेले वरचे फुफ्फुस त्या संचात आपल्या प्रमाणात असणार नाही.

आपल्या भागाची आणखी एक गोष्ट म्हणजे खाणी. उमरेड, सावनेर, कामठी आणि पुढे चंद्रपूर या पट्ट्यात दोन पिढ्या कोळशात राबल्या आहेत. कोळशाच्या धुळीने होणाऱ्या न्यूमोकोनिओसिसमध्ये दोन्ही फुफ्फुसांच्या वरच्या भागांत एक सेंटिमीटरपेक्षा लहान अशा शेकडो गोल गाठी पसरलेल्या असतात. अशा स्कॅनवर तुमच्या मॉडेलने शंभर खुणा केल्या, तर त्या प्रत्येक खुणेखाली खरोखरच नोड्यूल आहे. तरीही डॉक्टरांना त्यांचा काही उपयोग नाही. तेथे प्रश्न असा असतो की, या शंभरांत वेगळी वागणारी एखादी आहे का. म्हणून माझी विनंती आहे की त्या दहा स्कॅनवरील खुणांना सरसकट खोट्या म्हणू नका. एखाद्या निवासी डॉक्टरांना सोबत घेऊन बसा आणि प्रत्येक खुणेपुढे कारण लिहा : आडवी कापली गेलेली रक्तवाहिनी, जुना व्रण, कॅल्शियम साचलेला ग्रॅन्युलोमा, फुफ्फुसाच्या भेगेलगतची निरुपद्रवी लसिकाग्रंथी, कफाने भरलेली श्वासनलिका, बरगडीचे टोक. हा तक्ता तयार झाला की मॉडेलला काय शिकवायचे राहिले आहे, हे तुम्हाला कोणी सांगावे लागणार नाही.

आता ‘खरे उत्तर’ या विषयाकडे वळते, कारण अभियंते डॉक्टरांच्या खुणेला अंतिम मानतात आणि आम्ही स्वतः तसे मानत नाही. एलआयडीसीमध्ये चार क्ष-किरणतज्ज्ञांनी प्रत्येक स्कॅन प्रथम स्वतंत्रपणे वाचला आणि नंतर इतर तिघांच्या खुणा पाहून पुन्हा वाचला. मात्र एकमत करा, असा आग्रह त्यांना केला नव्हता. चौघांपैकी किमान एकाने तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठा नोड्यूल म्हणून ज्यांवर खूण केली, अशा जागा २,६६९ होत्या, आणि त्यांपैकी चौघांनीही तशीच खूण केलेल्या जागा ९२८ होत्या. म्हणजे जेमतेम ३५ टक्के. एकमेकांच्या खुणा पाहिल्यानंतरही ही स्थिती होती. लुना-१६ ने त्यातून किमान तिघांचे एकमत असलेले १,१८६ नोड्यूल ‘खरे’ म्हणून घेतले. उरलेल्या, म्हणजे एकाने किंवा दोघांनीच खूण केलेल्या जागा तेथील मोजणीत बरोबरही धरल्या जात नाहीत आणि चूकही धरल्या जात नाहीत. माझ्या पडद्यावर मात्र त्या खुणाही उमटणारच, आणि प्रत्येकीवर मला निर्णय घ्यावा लागणारच. स्पर्धेतील आकडा रुग्णालयात का टिकत नाही, याचे एक मोठे कारण येथे आहे.


उत्तर ३ : सीटी_तंत्रज्ञ

मी सीटी विभागात तंत्रज्ञ आहे. तुम्हाला मिळालेले ६० स्कॅन किती जाडीच्या स्लाइसचे आहेत, हे कोणीच विचारलेले नाही, म्हणून लिहितो.

लुना-१६ मध्ये २.५ मिलिमीटरपेक्षा जाड स्लाइसचे स्कॅन वगळलेले आहेत, असे मी वाचले आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मशीन बारीक स्लाइस घेते, पण फिल्म छापायला आणि साठवायला पाच मिलिमीटरची मालिका करून ठेवली जाते, कारण जागा कमी लागते. बारीक मालिका आणि मूळ डेटा काही दिवस मशीनच्या कन्सोलवर राहतो आणि नवीन रुग्ण आले की पुसला जातो. तुम्ही विभागाकडून ‘स्कॅन द्या’ असे म्हणून मागितले असेल, तर तुम्हाला साठवणीतील पाच मिलिमीटरचीच मालिका मिळाली असणार. अशा मालिकेत चार मिलिमीटरची गाठ एकाच स्लाइसवर येते, तीही फिकट होऊन; आणि वरच्या-खालच्या स्लाइस पाहून रक्तवाहिनी ओळखता येते, ती सोयही जाते. संगणकावर तिचे एक मिलिमीटरमध्ये रूपांतर केले, तरी जी माहिती घेतलेलीच नाही ती परत येत नाही.

स्कॅन ज्या डायकॉम फाइलमध्ये साठवला जातो, तिच्यात स्लाइसची जाडी, दोन स्लाइसमधील अंतर आणि वापरलेला कर्नल, म्हणजे चित्र तीक्ष्ण की गुळगुळीत करायचे हे ठरवणारी गणिती गाळणी, या तिन्ही नोंदी असतात. जाडी आणि अंतर एकच असतात असे समजू नका. कर्नल पाहणेही आवश्यक आहे, कारण फुफ्फुसासाठीचा तीक्ष्ण कर्नल आणि मऊ ऊतींसाठीचा गुळगुळीत कर्नल यांत एकच गाठ वेगवेगळी दिसते. शिवाय दम लागलेला रुग्ण पूर्ण श्वास रोखून धरू शकत नाही, त्यामुळे श्वासपटलाजवळचा भाग हलून दुहेरी दिसतो. तेथे खुणा जास्त आल्या असतील तर आश्चर्य वाटू देऊ नका. पुढील स्कॅनसाठी विभागप्रमुखांकडून लेखी परवानगी घ्या आणि बारीक मालिका त्याच दिवशी वेगळी साठवून ठेवण्याची विनंती तंत्रज्ञांना करा. आम्ही सहसा नाही म्हणत नाही. आम्हाला कोणी विचारतच नाही.


अंतिमवर्ष_नागपूर :

सर्वांचे मनापासून आभार. तिन्ही उत्तरे वाचून आम्ही काल रात्री तपासणी केली. सरांचा अंदाज बरोबर निघाला. आम्ही घन संपूर्ण छातीवरून सरकवत होतो, आणि भिंतीला टेकलेली ती गाठ खरोखरच मास्कच्या बाहेर होती. दहापैकी सात स्कॅन पाच मिलिमीटरचे निघाले. इतके दिवस आम्ही मॉडेलमध्ये दोष शोधत होतो आणि फाइलमधील जाडीची नोंद एकदाही उघडून पाहिली नव्हती, याचे वाईट वाटते.

मॅडम, निवासी डॉक्टरांसोबत खुणांचा तक्ता करण्याचे काम आम्ही सुरू करत आहोत. एक प्रश्न उरतो. मॉडेलने जुना क्षयरोगाचा व्रण दाखवला, तर ती खूण पडद्यावर ठेवावी की लपवावी? आमच्यातील एक मत असे आहे की गाठ सुटण्यापेक्षा दहा जास्तीच्या खुणा परवडल्या, डॉक्टर त्या पाहून घेतील.


उत्तर ४ : उमरेड_वाचक

मला संगणकाचे काही कळत नाही, परंतु ‘दहा जास्तीच्या खुणा परवडल्या’ हे वाक्य वाचून लिहिल्याशिवाय राहवले नाही.

माझे वडील कोळसा खाणीत नोकरीला होते. तरुणपणी त्यांना टीबी होऊन गेला होता आणि औषधांचा पूर्ण कोर्स त्यांनी घेतला होता. निवृत्तीनंतर खोकला थांबेना म्हणून सीटी काढला, तर अहवालात उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात नोड्यूल आहे, कर्करोग नाकारता येत नाही, असे लिहून आले. सुईने तुकडा काढून तपासावा असे ठरले. सुई घालताना फुफ्फुसाबाहेर हवा साचली, छातीत नळी टाकावी लागली आणि वडील कित्येक दिवस रुग्णालयात पडून राहिले. तुकड्याच्या तपासणीत जुना व्रण निघाला, कर्करोग नव्हता. घरच्या लोखंडी पेटीत त्यांच्या पंधरा वर्षांपूर्वीच्या एक्स-रेच्या फिल्म होत्या, आणि त्याच जागी तोच डाग त्या फिल्मवरही होता. आम्हाला कोणी जुनी फिल्म मागितली नाही, आणि ती दाखवायची असते हे आम्हाला ठाऊक नव्हते. त्या दोन महिन्यांत आईने अन्नाला नीट हात लावला नाही.

तुमचे यंत्र चांगले व्हावे असेच मला वाटते. मात्र जास्तीची खूण कोणाच्या तरी घरी जाऊन पोहोचते, एवढे त्यात धरावे.


उत्तर ५ : क्षकिरणतज्ज्ञ_धंतोली

उमरेडच्या वाचकांनी जे लिहिले, ते आमच्या विषयात मोठ्या अभ्यासांनीही दाखवले आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय फुफ्फुस तपासणी चाचणीत, जिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले, ५३,४५४ धूम्रपान केलेल्या व्यक्ती होत्या. कमी मात्रेच्या सीटीमुळे फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी घटले, ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्याच चाचणीत सीटीवर संशयित म्हणून जे निष्कर्ष आले, त्यांपैकी ९६.४ टक्क्यांमध्ये कर्करोग नव्हता. क्षयरोगाचे व्रण घेऊन जगणाऱ्या आपल्या लोकांत हे ओझे वाढण्याचीच भीती आहे. विद्यार्थ्यांनो, ‘डॉक्टर पाहून घेतील’ हे गृहीत धरू नका. दिवसाच्या शेवटी तिसाव्या स्कॅनवर दहा खुणा पाहणारी डॉक्टर एक तर त्या न पाहता पुढे जाते, किंवा सावधगिरी म्हणून अहवालात ‘नाकारता येत नाही’ असे लिहून टाकते. दोन्हींमध्ये रुग्णाचे नुकसान आहे.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे : व्रण लपवू नका, पण त्याला कर्करोगाच्या संशयाच्या रांगेत उभे करू नका. खूण करणे आणि महत्त्व ठरवणे ही दोन वेगळी कामे आहेत. संपूर्ण गाठीत एकसारखे, मध्यभागी, थराथरांनी किंवा लाह्यांसारखे कॅल्शियम साचले असेल, तर ती गाठ सहसा निरुपद्रवी असते. त्यासाठी तुम्ही हाउन्सफील्डची मूल्ये कोठे छाटता, हे पाहा. मॉडेल बनवायला शिकवणाऱ्या बऱ्याच धड्यांमध्ये ४०० च्या वरचे सर्व काही ४०० केले जाते, आणि मग कॅल्शियमची ठेवण ओळखायला हवा असलेला बारकावा हरवतो. मात्र क्षयरोगाच्या व्रणाच्या जागीही कर्करोग उद्भवू शकतो. म्हणून ‘जुना व्रण आहे’ एवढ्यावर मॉडेलने ती जागा कायमची गाळून टाकणेही मला मान्य होणार नाही.

सर्वांत अधिक सांगून जाते ती वाढ. गोल गाठीचा व्यास २६ टक्क्यांनी वाढला की तिचे घनफळ दुप्पट होते. म्हणजे सहा मिलिमीटरची गाठ साडेसात मिलिमीटर झाली, तर डोळ्याला फरक किरकोळ वाटतो, पण आतला ऐवज दुपटीला पोहोचलेला असतो. मोजपट्टीवर दोन डॉक्टरांच्या मापांत दीड मिलिमीटरचा फरक सहज पडतो, म्हणूनच युरोपातील नेल्सन चाचणीने व्यासाऐवजी घनफळ आणि ते दुप्पट व्हायला लागणारा काळ मोजला. हे काम यंत्राला आमच्यापेक्षा चांगले जमू शकते. भरीव गाठ दोन वर्षे जशीच्या तशी राहिली, तर ती बहुधा निरुपद्रवी समजली जाते. काचेसारख्या धूसर गाठींवर याहून दीर्घकाळ लक्ष ठेवावे लागते. तुमच्या ६० रुग्णांपैकी ज्यांचे जुने स्कॅन विभागात असतील, ते वेगळे काढा. गूगलच्या संशोधकांनी २०१९ मध्ये जे मॉडेल प्रसिद्ध केले, त्यालाही उपलब्ध असेल तेथे रुग्णाचा आधीचा स्कॅन दिला जात होता. आपल्याकडे रुग्ण प्लास्टिकच्या पिशवीत जुन्या फिल्म घेऊन येतात. त्या पिशवीत काय आहे हे विचारण्याची सवय आम्हा डॉक्टरांनाही अधिक लागायला हवी, हे मी उमरेडच्या वाचकांना प्रामाणिकपणे सांगते.


उत्तर ६ : प्रतिमा_अभियंता

६० स्कॅन प्रशिक्षणात मिसळण्याचा मूळ प्रश्न अनुत्तरित राहिला होता, त्याविषयी लिहितो.

माझे मत स्पष्ट आहे की ते ६० स्कॅन चाचणीसाठी राखून ठेवावेत. साठ स्कॅन मिसळून मॉडेलचा स्वभाव फारसा बदलणार नाही, पण ते एकदा मिसळले की नागपूरच्या रुग्णांवर मॉडेल कसे चालते, हे सांगण्याचे तुमच्याकडील एकमेव साधन संपते. पहिले दहा स्कॅन पाहून तुम्ही मास्क आणि इतर गोष्टी बदलणार आहात, म्हणून ते दहाही चाचणीतून बाहेर काढा. उरलेल्या ५० ना सर्व निर्णय पक्के होईपर्यंत हात लावू नका. प्रशिक्षणासाठी बारीक स्लाइसचे नवीन स्कॅन मिळतील तेव्हा ते वेगळे जमवा. दरम्यान, लुना-१६ च्या बारीक स्कॅनमधील लागोपाठच्या स्लाइसची सरासरी काढून जाडी कृत्रिमरीत्या पाच मिलिमीटर करा आणि त्यावर मॉडेलची संवेदनशीलता, म्हणजे खऱ्या नोड्यूलपैकी सापडणारा हिस्सा, किती घसरते, हे मोजा. घसरणीतील किती वाटा स्लाइसच्या जाडीचा आणि किती रुग्णांच्या वेगळेपणाचा, हे त्यावरून वेगळे करता येईल. मला विचाराल, तर तुमच्या प्रबंधातील सर्वांत मोलाचे प्रकरण हेच होईल.

आकड्यांसोबत त्यांची अनिश्चितताही लिहा. समजा, ५० स्कॅनमध्ये ४० नोड्यूल निघाले आणि मॉडेलने ३४ शोधले, तर संवेदनशीलता ८५ टक्के दिसते. पण इतक्या लहान नमुन्यावर ९५ टक्के विश्वासाची मर्यादा साधारण ७१ ते ९३ अशी पसरते. परीक्षकांपुढे ‘८५ टक्के’ एवढेच सांगणे योग्य होणार नाही. निकाल क्षयरोगाच्या खुणा असलेले आणि नसलेले, अशा दोन गटांत वेगळे मांडा, गट कितीही लहान झाले तरी.

ओळख काढण्याबाबतही एकदा खात्री करून घ्या. नाव पुसले तरी डायकॉममध्ये जन्मतारीख, नोंदणी क्रमांक आणि उत्पादकांचे खासगी रकाने राहून जातात, आणि काही मालिकांमध्ये नाव चित्रावरच छापलेले असते. नीतिसमितीची परवानगी आहे हे चांगले आहे; परंतु ते स्कॅन कोणाच्याही वैयक्तिक लॅपटॉपवर किंवा मोफत ऑनलाइन सेवेवर चढवण्याची मुभा त्या परवानगीत आहे का, ते पत्र पुन्हा वाचून पाहा.


अंतिमवर्ष_नागपूर :

सर, पत्रात केवळ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संगणकाचा उल्लेख आहे. एका मित्राच्या लॅपटॉपवर प्रत होती, ती आज काढून टाकली आणि आमच्या मार्गदर्शकांना तसे कळवले. ५० स्कॅन बंद करून ठेवले आहेत. येत्या सोमवारी सीटी विभागात जाऊन बारीक मालिकेसाठी अर्ज देणार आहोत, आणि ज्या रुग्णांचे जुने स्कॅन आहेत त्यांची यादीही मागणार आहोत.

उमरेडच्या वाचकांना एवढेच सांगतो की, तुमचे उत्तर आम्ही चौघांनी एकत्र वाचले. खुणांच्या तक्त्यात आम्ही ‘जुन्या चित्रात हीच जागा होती का’ असा एक रकाना वाढवला आहे.

मॅडम, शेवटची एक शंका. खुणा तपासायला दोन निवासी डॉक्टर तयार झाले आहेत. त्यांचे एकमत झाले नाही, तर तिसऱ्या डॉक्टरांचे मत अंतिम मानावे का?


क्षकिरणतज्ज्ञ_धंतोली :

दोघांनी एकमेकांच्या खुणा न पाहता आधी स्वतंत्रपणे वाचू द्या, आणि त्या पहिल्या वाचनाची नोंद नंतरही पुसू नका. तिसरे मत एखाद्या अनुभवी शिक्षकांचे घ्या, पण मतभेद झालेल्या जागा वेगळ्या रंगाने राखून ठेवा आणि मॉडेल त्या जागांवर काय म्हणते, ते स्वतंत्रपणे मोजा. जेथे आम्ही डॉक्टरच अडतो, तेथे यंत्र ठामपणे ‘हो’ म्हणत असेल, तर ते का म्हणते आहे हे मला पाहायला आवडेल. तक्ता तयार झाला की येथे जरूर लिहा. रुग्णाची कोणतीही माहिती न देता, केवळ वर्गवारी आणि संख्या चालतील.